भावाच्या नावाची बाटली

मेघाच्या माहेरी घसा दुखणं आणि लघवी लाल होणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माहेर खर्डी स्टेशनापासून रिक्षाने आत जावं लागणाऱ्या गावात. वडील लवकर गेलेले. घरात आई चंद्राबाई, मेघा आणि तिच्या पाठचा महेंद्र. महेंद्र टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये पंचक्रोशीत नावाजलेला. टुर्नामेंट सुरू झाल्या की दिवसभर उन्हात, वर बर्फाचा गोळा, की धरला घसा. अंगात कणकण यायची, आणि एखाद-दुसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट लाल व्हायची.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो पुरता घाबरला आणि त्याने घरामागच्या न्हाणीत मेघालाच बोलावून ते दाखवलं. दगडावर सांडलेलं ते पाणी बघून तिने आईला हाक मारली. आईला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही.

"उष्णता हाय," ती म्हणाली. "उन्हात उंडारतो, मंग दुसरा काय होनार?"

मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, रात्री भिजवलेली खडीसाखर. तीन-चार दिवसांत रंग निवळायचा आणि औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटायचं. दर वर्षी हे एकदा-दोनदा व्हायचंच. हळूहळू त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. लाल लघवी ही महेंद्रची सवय आहे, जसे एखाद्याचे ओठ फुटतात तसं, अशा थराला ते गेलं.

पुढे महेंद्र गाडी चालवायला शिकला आणि एका सरकारी खात्यात चालकाच्या जागेसाठी त्याची निवड झाली. लेखी झाली, गाडीची परीक्षा झाली, फक्त मेडिकल राहिली. कुणीतरी त्याला सल्ला दिला की आधीच एकदा बाहेर तपासून घे, ऐनवेळी घोटाळा नको. म्हणून तो शहापूरला जाऊन रक्त-लघवी देऊन आला. नेमकं आठवड्यापूर्वीच त्याला सर्दी-पडसं होऊन गेलं होतं. डोळ्यांना लघवी आता नीट पिवळी दिसत होती, पण रिपोर्ट वाईट आला. लघवीतून रक्त जातंय, प्रथिनं जातायत, किडनीच्या डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस, असं लॅबवाल्याने त्याला बजावून सांगितलं.

महेंद्र घरी येऊन पायातले बूट न काढता ओट्यावर बसून राहिला. आईने विचारलं, याचा अर्थ काय. तो म्हणाला, नोकरी गेली, हाच अर्थ. त्या संध्याकाळी त्या घरात नोकरी हा शब्द कितीदा तरी निघाला. किडनी हा शब्द कुणी उच्चारला नाही.

तोड चंद्राबाईनेच काढली. तिची स्वतःची लघवी चालणार नव्हती, तिला साखरेचा आजार. मेघा चुलीजवळ तांदूळ निवडत होती. आई तिच्यासमोर येऊन बसली आणि शेजारणीकडे जातं-पाटा मागावा इतक्या सरळपणे तिने महेंद्रच्या नावावर द्यायला मेघाची लघवी मागितली. महेंद्रला धास्ती होती की मशीन बाईची लघवी ओळखेल.

"साखर नि रगत बघतात," आई म्हणाली. "बाई का बाप्या, ता नाय बघत."

मेघा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. तिने एकच प्रश्न विचारला. "आई, पण त्याला खराच काय झाला असंल तर?"

"आधी नोकरी लागू दे. मंग मोठ्या डाक्टरला दाखवू. आपल्याला कोन फुकटात बघनार हाय आता?"

हे बोलणं खोटं नव्हतं. त्या वेळी आईला तसंच करायचं होतं, महेंद्रलाही. मेघाला ते पटलं. सकाळी तिने खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली गरम पाण्याने विसळून भरून दिली. आईने महेंद्रच्या पँटीला आतून एक चोरखिसा शिवला होता, त्यात ती बाटली ठेवून तो गेला. तपासणीच्या ठिकाणी उमेदवारांची झुंबड होती. संडासात जाऊन त्याने ती लघवी दिलेल्या बाटलीत ओतली आणि रांगेत ठेवून दिली. रिपोर्ट आला, सगळं ठीक.

पेढे वाटले गेले. विहारात आईने फुलं वाहिली, बुद्धवंदनेनंतर सगळ्यांनी उभं राहून महेंद्रचं कौतुक केलं. मेघा बायकांत मागे उभी होती. भावाला नोकरी आपल्यामुळे लागली, हे आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, याचा तिला त्या दिवशी मोठा अभिमान वाटला होता. पुढे ही आठवण आली की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

मोठ्या डॉक्टरला दाखवायचं मात्र राहूनच गेलं. आधी नोकरीत कायम होऊ दे, मग लग्न होऊ दे, मग घर होऊ दे. शिवाय डॉक्टरकडे गेलं आणि कागदावर काही आलं तर ते खात्यात कळेल, ही भीती होतीच. घसा धरला, रंग बदलला, की तो दोन दिवस रजा टाकायचा आणि आईचं धण्याचं पाणी प्यायचा. आटगावच्या संघरत्नाशी त्याचं लग्न झालं. ती शिकलेली, स्वतः नोकरी करणारी. आसनगावला त्यांनी फ्लॅट घेतला, आईला तिथे नेलं, आणि उशिराने त्यांना एक मुलगा झाला. संघरत्नाला यातलं काहीच कुणी सांगितलं नाही.

मेघाला मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याला दिली. नवरा नरेंद्र टेम्पोतून भाजी कल्याणच्या मार्केटला पोचवायचा. माणूस अबोल, पण दारू नाही की मारझोड नाही. एक मुलगी झाली, दिपिका. माळशेजच्या रस्त्याला मुंबईवाल्यांची फार्महाऊस उभी राहिली तशी मेघाही त्यातल्या एकावर कामाला लागली. शनिवार-रविवार पाहुण्यांची वर्दळ. खोल्या झाडायच्या, संडास-बाथरूम घासायचे, चादरी धुवायच्या. घासायचे तिने, पण वापरायचे नाहीत. कामगारांसाठी मागच्या कुंपणाला पत्र्याची एक खोली होती, तिला ना कडी ना पाणी. म्हणून मेघा दिवसभर पाणीच प्यायची नाही. संध्याकाळी घरी आल्यावर लघवी व्हायची ती हळदीच्या पाण्यासारखी गडद आणि जळजळ करत. उन्हाळा आहे, असं ती म्हणायची. पावसाळ्यातही तेच म्हणायची.

वाकून वाकून कंबर गेली. मुरबाडहून नरेंद्र दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं आणून द्यायचा. सुरुवातीला आठवड्यातून एखादी, मग रोज एक, मग सकाळ-संध्याकाळ. गोळी घेतली की कंबर हलायची, आणि कंबर हलली तरच काम व्हायचं. अलीकडे लघवीवर साबणासारखा फेस येऊन बराच वेळ राहायचा, तोही तिने पाहिला होता. आपण संडासाच्या भांड्यात पावडर टाकून घासतो, त्याचाच असेल, असं तिने धरलं.

एका भीमजयंतीला सगळी खर्डीच्या घरी जमली होती. महेंद्र वाळलेला दिसत होता. जेवणावरची वासना उडाली होती, अंगाला खाज सुटायची, रात्रीतून कितीदा तरी उठावं लागायचं. पण तो मोठ्या आनंदात होता. मेघाला बाजूला घेऊन त्याने सांगितलं की लाल होणं कधीच थांबलं, आता तर लघवी पाण्यासारखी नितळ होते, पिवळी सुद्धा नाही. आईने ते ऐकलं आणि आपल्या धण्या-जिऱ्याची थोरवी सांगत ती घरभर फिरली. मेघालाही हायसं वाटलं. इतकी वर्षं मनात कुठेतरी अडकलेलं कुसळ निघालं असं वाटलं.

त्यानंतर वर्षही गेलं नाही. एका सकाळी महेंद्रचे पाय इतके सुजले की बूट चढेनात, आणि जिना उतरता उतरता त्याला धाप लागली. कल्याणच्या एका दवाखान्यात नेलं. मेघा आणि नरेंद्र पोचले तेव्हा डॉक्टर संघरत्नाशी बोलत होते. दोन्ही किडन्या आक्रसून गेल्या होत्या, काम जवळजवळ बंद. हा आजार आजचा नाही, वीसेक वर्षांचा तरी असावा, असं डॉक्टर म्हणाले. घसा दुखल्यावर लघवी लाल व्हायची का, हे त्यांनी आपणहून विचारलं, तेव्हा चंद्राबाईने पदर तोंडाला लावला.

"पण मधे तर एकदम साफ व्हायला लागली होती," मेघा म्हणाली.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की लघवीला पिवळा रंग येतो तो शरीरातला कचरा बाहेर पडतो म्हणून. किडनी थकली की ती नुसतं पाणी सोडते आणि कचरा आत राहतो. कमी पाणी पिणाऱ्याची लघवी गडद होते, ती पाणी प्यायलं की सुधारते. पण पाणी कमी प्या नाहीतर जास्त, रात्रंदिवस जर ती नितळच राहिली, तर ते बरं झाल्याचं लक्षण नसतं. आणि लाल रंग धण्याच्या पाण्याने जात नव्हता, तो आपोआपच निवळायचा. पहिल्या लाल लघवीला तपासलं असतं तर औषधांनी ही वेळ खूप लांबवता आली असती.

"असं कसं?" संघरत्ना म्हणाली. "नोकरीला लागताना यांची मेडिकल झालीय. लघवी नॉर्मल होती. मी स्वतः बघितलेत कागद."

डॉक्टर म्हणाले, तसं असेल तर नवलच आहे. महेंद्र पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मेघा खाली बघत राहिली.

डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बरं, असं डॉक्टरांनी सुचवलं. संघरत्नाचा रक्तगट जुळत नव्हता. आईला साखर. राहिली मेघा. पण मेघाला कुणी विचारलं असं झालंच नाही. आसनगावच्या घरी सगळे बसले असताना चंद्राबाई सरळ म्हणाली की मेघा देईल, आणि मेघाचीच जुळेल, यात शंका नाही.

"तुम्हाला कसं कळलं जुळेल म्हणून?" संघरत्नाने विचारलं.

"तवा नाय का हिचीच लघवी ह्याच्या नावावर चालली? मशीनला पन फरक कळला नाय. तवा हिची चालली, आता पन हिचीच चालंल."

म्हातारीला आपण काय बोललो ते कळलंच नाही. तिच्या दृष्टीने तो भावा-बहिणीच्या एका रक्ताचा पुरावा होता. संघरत्नाला मात्र कळलं. तिने महेंद्रकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि शेवटी मेघाकडे वळली.

"म्हणजे तेव्हाच पकडलं गेलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही बाटली भरून दिली नसती ताई, तर माझा नवरा आज असा पडला नसता."

बाटली कुणी मागितली, कुणी नेली, खिसा कुणी शिवला, हे सगळे त्याच खोलीत बसलेले होते. मेघाने महेंद्रकडे पाहिलं. तो म्हणेल, तिचा काय दोष, मीच नेली होती. महेंद्र गुडघ्यावरचा टॉवेल नीट करत राहिला.

घरी परतताना टेम्पोत नरेंद्र तिला म्हणाला, "दिपिकाचं बारावीचं वर्ष आहे. तू पडलीस तर आमी काय करायचा?" एरवी न बोलणाऱ्या माणसाचं ते एक वाक्य तिने ऐकून घेतलं, पण ती कबूल होऊन चुकली होती. प्रेमाने झाली की धाकाने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. महेंद्रने तिला दे असं कधी म्हटलं नाही. फोन करून फक्त तपासणीला कोणत्या दिवशी, किती वाजता यायचं तेवढं कळवलं.

रक्तगट जुळला. म्हातारीने सुटकेचा श्वास टाकला. मग रक्ताच्या आणखी तपासण्या, छातीचा फोटो, आणि दिवसभराची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवून आणायला सांगितली. मेघाने ती वैशाखऱ्याच्या घरी साठवून स्वतः आणून दिली.

काही दिवसांनी डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. ब्लडप्रेशर पुन्हा पुन्हा मोजलं, दर वेळी वाढलेलंच. मग त्यांनी विचारलं की कुठल्या गोळ्या घेता का. तिने सांगितलं. किती वर्षं, दिवसातून किती, तेही सांगितलं. पाणी किती पिता, हेही त्यांनी विचारलं. तिच्या लघवीतून प्रथिनं जात होती, जितकी जाऊ नयेत तितकी. तो फेस साबणाचा नव्हता.

"तुम्हाला किडनी देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला तुमच्याच जपायला हव्यात. आज लक्षात आलंय, आजपासून गोळ्या बंद, मीठ कमी, औषध चालू. पुष्कळ वर्षं नीट काढाल."

ती बाहेर आली तेव्हा बाकावर आई, महेंद्र आणि संघरत्ना बसली होती. डॉक्टरांनी जसं सांगितलं होतं तसं तिने सांगितलं. आपल्यालाही आजार निघाला, हेही तिने सांगितलं. कुणीतरी जवळ घेईल, निदान बस म्हणेल, असं तिला वाटलं असावं. मग संघरत्नाने हळू आवाजात विचारलं,

"कॅन तुमच्याच घरी होता ना, ताई?"

मेघाला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ती तशीच परत आत गेली आणि पुन्हा तपासा म्हणून हट्ट धरून बसली. डॉक्टरांनी तिला लहान बाटली दिली. मेघाने संघरत्नाला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेलं, दार उघडं ठेवलं, आणि तिच्यासमोर बसून ती बाटली भरली. एवढ्या मोठ्या दवाखान्यात, येणारे-जाणारे बघत असताना. पुन्हा तेच निघालं.

संघरत्नाचा चेहरा थोडा पडला. पण चंद्राबाई म्हणाली की आदल्या दिवशी काय खाल्लं-प्यायलं ते कोणी बघितलंय, नरेंद्रनेच काहीतरी शिकवून पाठवलं असेल, त्याला पहिल्यापासून नकोच होतं.

मेघा महेंद्रकडे वळली. "तू तरी सांग रे यांना."

महेंद्रने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं होतं. हातावर डायलिसिसच्या सुयांचे फुगलेले डाग. "राहू दे आई," तो म्हणाला. "तिला नव्हती द्यायची. नाय तर नाय. बाटलीचं काय, कुणी पन काय पन करू शकतो. मला ठाव नाय का?"

मेघा तिथून एकटी बाहेर पडली आणि एस.टी.ने मुरबाडला आली. वाटेत ती रडली नाही. घरी आल्यावर कमरेच्या गोळ्यांची सगळी पाकिटं तिने चुलीत टाकली. त्या रात्री कंबर इतकी दुखली की तिला कूस बदलता आली नाही.

महेंद्र त्यानंतर सव्वा वर्ष जगला. गाडी चालवणं बंद झालं, खात्याने त्याला बसून करायचं काम दिलं, पुढे तेही जमेना. मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून त्याचं नाव यादीत होतं, ते यादीतच राहिलं. मेघा दोन-तीनदा भेटायला गेली. तो बोलायचा, हवापाण्याचं, दिपिकाच्या कॉलेजचं. किडनीचं कधी काढलं नाही, आणि मी चुकीचं बोललो असंही कधी म्हणाला नाही. तो शब्द त्याच्या तोंडून निघेल म्हणून ती प्रत्येक वेळी उठायला उशीर करायची. शेवटी हृदयच थांबलं. त्याच्यामागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेच्या दिवशी मेघा भाच्याला उचलायला पुढे झाली, तर संघरत्नाने त्याला आपल्याकडे ओढून घेतलं.

महिन्याभरात फ्लॅट बंद करून संघरत्ना मुलाला घेऊन आटगावला माहेरी गेली. सासूला ठेवायला ती बांधलेली नव्हती, आणि खर्डीच्या घराचं छप्पर बसलं होतं. चंद्राबाई कपड्यांची पिशवी घेऊन वैशाखऱ्याला लेकीकडे आली. नरेंद्रने काही न बोलता तिच्यासाठी खाट विकत आणली.

मेघा अजून त्याच फार्महाऊसवर कामाला जाते. आता पाण्याची बाटली सोबत नेते आणि कामगारांच्या खोलीला कडी नसली तरी दाराला दगड लावून जाते. दर तीन महिन्यांनी तपासणी. सोबत कुणी नसतं. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य तिने घराला लावलंय, भाजी-आमटीत मीठ बेतानेच. ज्याला हवं त्याने वरून घ्यावं.

चंद्राबाई जेवायला बसते, पहिला घास खाऊन तोंड वाकडं करते आणि मिठाची वाटी पुढे ओढते. शेजारच्या बायका दुपारी बसायला आल्या की मेघा आत भांडी घासत असली तरी त्यांना ऐकवते, हिला काय झालेला नाय, धडधाकट हाय. भावाला नाय दिली ता झाकायला अळणी खाऊन दाखवते. बायका आतल्या दाराकडे बघतात आणि विषय बदलतात. मेघा भांडी पालथी घालते, आईच्या साखरेची गोळी आणि पाण्याचा तांब्या आणून तिच्यासमोर ठेवते, आणि कामावर निघून जाते.